उसनवारी की वारसा?

अमर चित्रकथेचा विषय निघाला की आपल्याकडील एका समीक्षकवर्गाच्या कपाळावर आठ्या पडतात. राम वाईरकर यांनी चितारलेला श्रीकृष्ण म्हणजे अर्धा टारझन आणि अर्धा दिनदर्शिकेवरचा देव; त्यात स्वतःचे असे काय आहे, असा या मंडळींचा सवाल असतो. उलट, या चित्रकथांवर ज्यांचे बालपण पोसले गेले, त्या आपल्यापैकी अनेकांना ही चित्रे निखळ स्वदेशी वाटतात. परक्या कलेचा वाराही त्यांना लागलेला नाही, असे ते ठासून सांगतात. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. त्यातली दुसरी चूक आपली स्वतःची असल्यामुळे ती आधी दुरुस्त केली पाहिजे.

१९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि वेताळाने भारतीय मुलांच्या मनावर गारूड केले. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या कल्पनेतून अमर चित्रकथा उभी राहिली, तीही याच वातावरणात. या मालेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. अकराव्या क्रमांकावर आला तो वाईरकरांचा ‘कृष्ण’. चौकटींची मांडणी, संवादांचे फुगे, धावत्या देहाची गती, स्नायूंची रेखीव बांधणी हे सारे अमेरिकी चित्रपट्ट्यांच्या शाळेतले आहे. हॅल फॉस्टर यांनी १९२९ मध्ये टारझन चित्रपट्टीत आणला आणि १९३७ पासून बर्न हॉगार्थ यांनी त्याला पिळदार, नाट्यमय रूप दिले. त्या रेषेचे ऋण आपल्या पौराणिक चित्रकथांवर आहे. ते मान्य करण्यात कमीपणा कसला?

मात्र ‘नक्कल, नक्कल’ म्हणून बोट दाखविणाऱ्यांनी पुढचा प्रश्नही विचारावा. फॉस्टर आणि हॉगार्थ यांनी ही रेषा कोठून आणली? फॉस्टर यांच्यामागे हॉवर्ड पाइल आणि एन. सी. वायथ हे पुस्तकांचे चित्रकार उभे आहेत. हॉगार्थ यांना तर चित्रपट्टीचा मायकेलअँजेलो म्हटले गेले. म्हणजे अमेरिकेने युरोपच्या जुन्या चित्रविद्येचे ऋण घेतले, तर तो वारसा. आणि आपण घेतले, तर ती उसनवारी! हा न्याय कोणत्या दरबारातला?

दिनदर्शिकेवरच्या देवाचेही तसेच. त्याचे मूळ राजा रविवर्मा यांच्याकडे जाते. युरोपीय तैलरंगाचे तंत्र त्यांनी आत्मसात केले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली, ती वेषभूषा आणि चेहरेपट्टी यांच्या शोधात उत्तर भारताचा प्रवास करून. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना राजवाड्याची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या घरात त्या छापील चित्रांनी लक्ष्मी आणि सरस्वती पोहोचविली. दादासाहेब फाळके याच छापखान्याशी संबंधित होते आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना रविवर्म्यांची आठवण होतेच. त्याच घराण्यात पुढे मुळगावकर, दलाल, एस. एम. पंडित आले. पुराणकथेचे दृश्य कसे उभे करायचे, याची जी सवय या परंपरेने लोकांच्या डोळ्यांना लावली, तिच्यावरच चित्रकथेचा इमला उभा राहिला.

येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. रविवर्म्यांवर सर्वांत कठोर प्रहार केले ते परकीयतेचा आक्षेप घेणाऱ्या स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनी. भगिनी निवेदितांना त्यांची पत्र लिहिणारी शकुंतला रुचली नाही; आनंद कुमारस्वामींनाही त्यांची कला पाश्चात्त्य वळणाची वाटली. या दोघांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते, की लोकमनाने निराळा निवाडा दिला. ज्या चित्रांना परकी म्हटले गेले, त्यांच्यापुढेच घराघरांत निरांजन लावले गेले. स्वदेशी काय, हे तंत्राच्या जन्मगावावरून ठरत नाही. ते तंत्र कोणत्या भावाच्या सेवेला लागले, यावरून ठरते.

आणि भाव आपलाच होता. टारझनचे शरीर झुंजीने ताणलेले असते, ते एकट्याचे शरीर आहे. गोवर्धन उचलणाऱ्या कृष्णाच्या चेहऱ्यावर मात्र श्रम दाखवून चालत नाही. करंगळीवर पर्वत आणि ओठांवर स्मित हेच त्याचे लक्षण, आणि भोवती गोप-गोपी, गाई-वासरे हवीतच. हे ज्ञान कोणत्याही परदेशी चित्रपट्टीतून मिळत नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात, की मूर्ती घडवायची तर चित्र जाणावे लागते, चित्रासाठी नृत्य आणि नृत्यासाठी वाद्य व गीत. आपली दृष्टी अशी अनेक कलांतून घडलेली आहे. चित्रांच्या क्रमातून कथा सांगणे तरी आपल्याला नवे कोठे होते? अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा आहेत. पैठणच्या चित्रांनी आणि पिंगुळीच्या चित्रकथींनी एकेक पान पुढे करीत रामायण-महाभारत गावोगावी नेले.

मग आज काळजी कशाची? काळजी आहे ती ऋणाच्या विस्मृतीची. आज यंत्राला दोन ओळींची आज्ञा दिली की क्षणात श्रीराम उभा राहतो: फुगविलेले दंड, रागीट भुवया, मागे परदेशी चित्रपटातला धूर. धनुष्याची पकड चुकलेली, अलंकार भलत्याच काळाचे, मुद्रेत करुणेचा लवलेश नाही. आपले अनेक बांधव तीच चित्रे भक्तिभावाने पुढे पाठवितात. वाईरकरांच्या पिढीने परक्याकडून घेतले, पण पचवून घेतले. त्यासाठी वर्षानुवर्षे हात झिजविला. आज आपण न पचविता गिळतो आहोत. उसनवारी म्हणायचे तर ती ही!

यावर उपाय आपल्याच हाती आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण अभिनंदन केले. पण त्यांची कला पाहायला आपल्यापैकी किती जण मुलांना घेऊन गेले? मुळगावकर, दलाल, वाईरकर यांची मूळ चित्रे जपणे, चित्रकाराचे नाव कथाकाराइतक्याच मानाने छापणे, कलाशाळांतून चित्रसूत्र आणि चित्रकथी शिकविणे ही कामे टाळ्यांनी होणार नाहीत.

ज्याला आपले ऋण ठाऊक असते, तो ते फेडून वर काही देऊन जातो. ज्याला ते ठाऊकच नसते, त्याच्या हाती केवळ नक्कल उरते. वाईरकर पहिल्या वर्गातले होते. आपण कोणत्या वर्गात बसणार, हे आपल्या मुलांच्या चित्रवहीतून दिसेल.