बहिणीची सही

महिन्याची मिस्सा झालेली असते. अंगणातला मांडव उतरत असतो, पाहुणे पांगलेले असतात. अशा वेळी थोरला भाऊ आतून एक कागद आणतो आणि सासरहून आलेल्या बहिणीपुढे ठेवतो. कागदाचे नाव हक्कसोडपत्र. ‘सही कर, माहेर तुटायला नको,’ एवढे एक वाक्य पुरेसे होते. उमेळ्यात आणि आसपासच्या गावांत असे कागद आम्ही पुष्कळ पाहिले. एका घरी तर साक्षीदार म्हणून आम्हीच सही करावी, असा आग्रह झाला. आम्ही नकार दिला, तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुनावले, ‘फादर, कायदा वकिलांचा. तुम्ही मिस्सा सांगा.’

हा कामाचा वाटा आम्हांस मान्य नाही.

प्रथम आपलाच कायदा पाहू. १८६५ साली आलेल्या आणि पुढे १९२५ साली नव्याने मांडलेल्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलाला व मुलीला सारखा वाटा दिला. मृत्युपत्र नसेल, तर मुलगा आणि मुलगी यांत तो कायदा भेद करीत नाही. आपल्या हिंदू शेजारणींना पित्याच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले, आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो २००५ साली. केरळातील त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींच्या वाट्याला तर मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती येत असे. हा अन्याय मोडण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. निकाल लागला १९८६ साली. म्हणजे कायद्याने आपण शेजाऱ्यांच्या पुढे होतो. जे इतरांना झगडून मिळवावे लागले, ते आपण महिन्याच्या मिस्सेनंतर चहाच्या कपासोबत काढून घेतो. बहिणीने समजून-उमजून, खुशीने दिले तर ते दान. आपला वाटा किती हेच जिला ठाऊक नाही, तिच्या सहीला दान म्हणता येत नाही.

आता दुसरी पाटी शेजारी ठेवू. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, नंतर मराठ्यांकडे आणि पुढे इंग्रजांकडे गेली. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगालकडेच राहिला. त्यामुळे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्याला लागू झाली, आपल्याला नाही. दोन्हीकडे त्याच मिस्सेला उभे राहणारे भाविक, पण घर वाटण्याची रीत निराळी. समजा, पतीच्या नावावर लग्नानंतर घेतलेली अठरा गुंठ्यांची वाडी आहे. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत आणि मृत्युपत्र नाही. आपल्या कायद्याने विधवेला तिसरा हिस्सा म्हणजे सहा गुंठे, आणि प्रत्येक अपत्याला चार. गोव्यात विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर मिळकत पतिपत्नींची समाईक. नऊ गुंठे विधवेचे मुळातच असतात. उरलेल्या नऊंत तिन्ही मुलांना तीन-तीन. आपली पोरे आखातात नोकरीला जातात. तेथे संयुक्त अरब अमिरातीने मुस्लिमेतरांसाठी केलेला नवा कायदा २०२३ पासून लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर अर्धे जोडीदाराला, अर्धे मुलामुलींना सारखे, असा त्याचा नियम आहे. दुबईतील ठेवीत पत्नीचा अर्धा वाटा आणि उमेळ्यातील वाडीत तिसरा, असा प्रसंग एकाच घरात येऊ शकतो.

हा फरक कशाने पडतो? इंग्रजी परंपरेत मालकाची इच्छा श्रेष्ठ. आपली सर्व मिळकत तो मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतो. फ्रान्स-पोर्तुगालच्या परंपरेत मुलांचा काही वाटा कोणालाही हिरावता येत नाही; गोव्यात मुले असलेला माणूस फार तर आपल्या अर्ध्या वाट्याचे मृत्युपत्र करू शकतो. आपण इंग्रजांकडून स्वातंत्र्य घेतले, पण इंग्लंडने १९७५ साली आश्रितांना न्यायालयाकडे दाद मागण्याची जी सोय केली, तशी तरतूद आपल्या वारसा कायद्यात नाही.

गोव्याचा कायदा स्वर्गातून उतरला, असे आम्ही म्हणत नाही. समाईक मिळकतीचा कारभार १८६७च्या संहितेने पतीच्याच हाती दिला होता. खुद्द पोर्तुगालने १९७७ साली पतिपत्नींना समान केले. पण दोन कायदे शेजारी ठेवल्यावाचून कोणाचे काय उणे, हे कळणार कसे? आपल्याच कायद्यातील एक उणीव पाहा. निपुत्रिक विवाहित मुलगा वारला, तर अर्धे त्याच्या विधवेला आणि उरलेले वडिलांना. वडील हयात असता आईला काही नाही. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे. हे बदलावे अशी शिफारस विधी आयोगाने २०१४ साली केली. ती आपल्यापैकी किती जणांनी वाचली?

‘हे धर्मगुरूंचे काम नव्हे,’ असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्यास मिळकत द्यायची, तर मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी केलेले असावे, अशी अट वारसा कायद्याच्या ११८व्या कलमात होती. ज्या इंग्रजी कायद्यांत तिचे मूळ, ते इंग्लंडने १९६० साली मोडीत काढले. आपल्याकडे कलम टिकले ते केरळातील फादर जॉन वल्लमट्टम यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान देईपर्यंत. २००३ साली ते रद्द झाले. वकिलांनी बाजू मांडली हे खरे, पण दाद मागणारा धर्मगुरूच होता.

सेमिनरीत आम्ही १९८३ची कॅनन कायद्याची संहिता शिकलो, तिची रोमन मुळे शिकलो. वारसा कायद्याचे एक पानही आमच्यापुढे कोणी ठेवले नाही. ती चूक आम्ही आमच्यापुरती मान्य करतो. आज समान नागरी कायद्याच्या नावाने एक बाजू घोषणा देते, दुसरी भयाने अंग चोरते. उत्तराखंडात तसा कायदा २०२५ पासून लागूही झाला. आपण मात्र आपला आजचा कायदा न वाचताच ‘आमच्या कायद्याला हात लावू नका’ म्हणतो. जो कायदा आपणच घरात पाळत नाही, त्याचे रक्षण कोणत्या तोंडाने मागायचे?

सलाफहादच्या पाच मुली वडिलांचे वतन मागण्यासाठी मोशेपुढे उभ्या राहिल्या, ती कथा गणना या पुस्तकात आहे. मोशेने त्यांना ‘माहेर तुटेल’ असे सांगितले नाही. त्याने प्रश्न परमेश्वरापुढे नेला, आणि निकाल मुलींच्या बाजूने लागला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने यंदा प्रायश्चित्तकाळात तीन संध्याकाळी काढाव्यात. फळ्यावर आपला, गोव्याचा आणि जेथे आपली मुले राबतात त्या देशाचा कायदा शेजारी-शेजारी लिहावा. विवाहपूर्व शिबिरात वधूवरांना तो हिशेब सोडवायला द्यावा. बहिणींनी पुढच्या रांगेत बसावे. त्यानंतर कोणी सही करो वा न करो. कागद न वाचलेल्या बहिणीच्या सहीखाली साक्षीदार म्हणून आमचे नाव मात्र येणार नाही.