विश्लेषण : रॉक संगीताचे सर्वांत सर्जनशील दशक कोणते? साठचे की सत्तरचे?

रॉक संगीताचा सुवर्णकाळ कोणता, हा प्रश्न निघाला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : साठचे दशक. ‘बीटल्स’, बॉब डिलन, जिमी हेंड्रिक्स ही नावे घेतली की वाद संपला असे मानले जाते. पण ‘सर्जनशील’ या शब्दाचा अर्थ आपण काय घेतो, यावर उत्तर बदलते. हा वाद केवळ गप्पांपुरताही नाही. ज्या दशकाला मान मिळतो, त्याचीच गाणी नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवली जातात आणि नव्या बँडचे मोजमापही त्याच फूटपट्टीने होते.

साठच्या दशकाचा दावा इतका भक्कम का?

बदलाचा वेग हे त्याचे मुख्य कारण. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी ‘बीटल्स’ने आपल्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. मैफलीत वाजवायचे तेच त्यांनी स्टुडिओत वाजवले. अवघ्या साडेतीन वर्षांनी, १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये हीच मंडळी टेपचे तुकडे जोडून, ते उलटे-सुलटे फिरवून नवे ध्वनी घडवत होती. त्याच वर्षी त्यांनी जाहीर दौरे थांबवले आणि पुढचा अल्बम घडवण्यासाठी सुमारे पाच महिने घेतले. स्टुडिओ हे स्वतंत्र वाद्य आहे, ही कल्पना इथे रुजली. अमेरिकेत ‘बीच बॉइज’च्या ब्रायन विल्सनने ‘पेट साउंड्स’मधून हाच रस्ता धरला होता. १९६५ मध्ये डिलनने सहा मिनिटांहून लांब गाणे एकल तबकडी म्हणून काढले आणि रॉकच्या शब्दांना कवितेचे वजन दिले. हेंड्रिक्सने अॅम्प्लिफायरच्या गोंगाटालाही सुरांत स्थान दिले.

या काळाचे धागे मुंबईपर्यंतही पोहोचतात. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतल्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसह ‘वंडरवॉल म्युझिक’च्या काही भागाचे ध्वनिमुद्रण केले. या वादकांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते.

मग सत्तरचे दशक पुढे कसे?

साठच्या दशकाने रॉकचे घर मोठे केले, हे खरे. सत्तरच्या दशकाने मात्र त्या घराशेजारी अख्खे गाव वसवले. पायाभरणी आणि विस्तार यांत फरक करायला हवा. एखादा प्रकार रुजवणे ही एक गोष्ट, आणि त्यातून एकमेकांशी न पटणाऱ्या पाच-सहा नव्या भाषा जन्माला घालणे ही दुसरी. सर्जनशीलतेचा माझ्या मते हा दुसरा निकष अधिक कठीण आहे.

१९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम आला. पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके गेली होती. प्लास्टिकची टोपणे बोटांवर चढवून तो वाजवू लागला, पुढे तारा सैल केल्या आणि त्यातून आलेला जड, खालचा सूर हेवी मेटलची ओळख बनला. जर्मनीत ‘कॅन’ आणि ‘क्राफ्टवर्क’ यांनी अमेरिकी ब्लूजचा आधार जवळजवळ सोडूनच दिला. ‘क्राफ्टवर्क’चे १९७४चे ‘ऑटोबान’ ऐकले की पुढच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची चाहूल लागते. ‘पिंक फ्लॉइड’ने १९७३ मध्ये १६ ट्रॅकच्या यंत्रावर ‘डार्क साइड ऑफ द मून’ घडवला, तर तीनच वर्षांनी ‘रमोन्स’ने दोन-दोन मिनिटांची गाणी वाजवून असल्या भव्यतेकडे पाठ फिरवली. डेव्हिड बोवीने १९७७ या एकाच वर्षात ‘लो’ आणि ‘हीरोज’ दिले. १९७९ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’ने पंकच्या रागाला थंड, एकाकी सुरांत उतरवले.

स्त्रियांचे स्थानही या दशकात बदलले. साठच्या दशकात जॅनिस जॉप्लिनसारख्या गायिका होत्याच. पण पॅटी स्मिथचा ‘हॉर्सेस’ (१९७५) आणि ‘द स्लिट्स’चा ‘कट’ (१९७९) यांत संगीताची दिशाच स्त्रिया ठरवत होत्या.

हे सारे साठच्या बीजातून आले, असा आक्षेप घेतला जातो. ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’चा १९६७चा अल्बम नसता तर पंकही नसते, हे मान्य. मात्र हाच न्याय लावायचा तर साठचे श्रेयही चक बेरी, लिटल रिचर्ड, मडी वॉटर्स आणि सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय कलावंतांना द्यावे लागेल. मूळ शोधत मागे गेलो तर प्रत्येक दशक आधीच्याचे ऋणी निघते.

ऐंशी आणि नव्वदचे काय?

ऐंशीच्या दशकाला ‘कृत्रिम’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झाले आणि चेहऱ्याला सुराइतकेच महत्त्व आले. पण पडद्यामागे ‘मेटॅलिका’ मेटलचा वेग बदलत होती, ‘सॉनिक यूथ’ गिटार वेगळ्याच पद्धतीने जुळवत होते आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२चा ‘नेब्रास्का’ चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर घरीच ध्वनिमुद्रित केला. नव्वदच्या दशकात ‘निर्वाणा’ने भूमिगत संगीत मुख्य प्रवाहात आणले, ‘रेडिओहेड’ने १९९७ मध्ये ‘ओके कम्प्युटर’ दिला. तरीही नव्या भाषांची संख्या पाहता सत्तरशी बरोबरी होत नाही.

आकडेवारी काय सांगते?

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठ आणि इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी १९६० ते २०१० या काळातल्या अमेरिकी ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीतल्या सुमारे १७ हजार गाण्यांचे संगणकीय विश्लेषण केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन मोठी वळणे आढळली : १९६४, १९८३ आणि १९९१. सर्वांत मोठे वळण १९९१चे, आणि तेही रॉकमुळे नव्हे तर रॅपमुळे. १९६४चा बदल ब्रिटिश बँडनी सुरू केला नाही, तो आधीच सुरू झाला होता, असेही त्यात दिसले.

या यादीत सत्तरचे दशक नाही, हे माझ्या मताच्या विरोधात जाते. पण हा अभ्यास लोकप्रिय गाण्यांचा आहे. ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ किंवा ‘जॉय डिव्हिजन’ची गाणी त्या शंभरांत पोहोचलीच नाहीत. नवे काही घडणे आणि ते खपणे यांत अनेकदा दहा-पंधरा वर्षांचे अंतर असते. त्यामुळे खपाच्या आकड्यांवरून सर्जनशीलतेचा निवाडा करता येत नाही. समीक्षकांच्या याद्याही स्थिर नसतात. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये ‘सार्जंट पेपर’ला पहिले स्थान दिले. २०२०च्या यादीत तो मान मार्विन गेच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला मिळाला. मतदार बदलले, सुवर्णकाळही सरकला.

स्वतःच्या तारुण्याचा प्रभाव किती?

बराच. हॉलब्रुक आणि शिंडलर या अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखवले की, माणसाला साधारण विशीच्या पूर्वार्धात, म्हणजे २३-२४व्या वर्षाच्या आसपास, लोकप्रिय असलेली गाणी सर्वाधिक आवडतात. म्हणूनच ‘आमच्या वेळचे संगीत’ सर्वांनाच श्रेष्ठ वाटते. सत्तरच्या बाजूने बोलताना आवडीपेक्षा नवे प्रकार मोजणे, ही त्यावरची निदान एक खबरदारी आहे.

सर्जनशीलता कशामुळे बहरते?

खरा मुद्दा इथे आहे. त्या काळात प्रतिभावंत जास्त जन्मले असे मानण्याचे कारण नाही. परिस्थिती वेगळी होती. जॉन लेनन, कीथ रिचर्ड्स, पीट टाउनशेंड, ब्रायन ईनो हे सारे ब्रिटनच्या कला महाविद्यालयांतून आले. परीक्षेत फारसे न चमकलेल्या मुलांना तिथे प्रयोग करायला मोकळीक मिळाली. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. पडक्या वस्त्यांत घरे स्वस्त होती आणि ‘सीबीजीबी’सारख्या जागेत नवख्या बँडना स्वतःची गाणी वाजवता येत होती. दोन-तीन अल्बम न चालले तरी कंपन्या अनेकदा कलावंतांना सांभाळत. स्वस्त जागा, रिकामा वेळ आणि चुकण्याची मुभा, या तीन गोष्टींनी ते दशक घडवले.

याचा आजच्या बँडशी काय संबंध?

मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर होऊ लागला आणि हौशी, महाविद्यालयीन बँडना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथल्या मैफली थांबल्या. रुग्णालयाशेजारी शांतता हवीच, पण मध्य शहरात तितकी परवडणारी पर्यायी जागा उभी राहिली नाही. आज ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर होते, गाणे क्षणात जगभर पोहोचते. मात्र सरावाच्या खोलीचे भाडे परवडत नाही आणि पहिल्या काही सेकंदांत श्रोता थांबला नाही तर गाणे मागे पडते.

अशा वेळी ‘आता तसे संगीत होत नाही’ असे म्हणणे सोयीचे असते, कारण त्यात आपल्यावर काही जबाबदारी येत नाही. सत्तरचे दशक श्रेष्ठ ठरवायचेच असेल, तर त्याची गाणी पुन्हा पुन्हा वाजवण्याबरोबरच ते ज्यावर उभे राहिले त्या सवलती नव्या मुलांना मिळतात का, हेही विचारायला हवे. महापालिकेची सभागृहे रविवारी सकाळी सरावाला देणे, महाविद्यालयांच्या महोत्सवांत दुसऱ्यांच्या गाण्यांऐवजी स्वतःच्या रचनांना गुण देणे, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते.