मिरीचा दाणा आणि चाळीस वर्षे

इंग्लंड आणि वेल्समध्ये सदनिका ‘विकत’ घेणारा माणूस बहुधा तिचा मालक होत नाही. त्याच्या पदरी पडतो तो नव्व्याण्णव, सव्वाशे किंवा नऊशे नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. किंमत तो पुरी मोजतो, त्यासाठी पंचवीस-तीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडतो, छप्पर गळू लागले तर दुरुस्तीचा वाटाही देतो. परंतु पायाखालची जमीन दुसऱ्याची आणि मुदत संपल्यावर वरचे घरही त्या दुसऱ्याचेच. या दुसऱ्याला दरसाल भुईभाडे द्यावयाचे. त्याच्या मोबदल्यात तो काय देतो? काहीही नाही. जिना झाडण्याचा आकार निराळा, विम्याचा निराळा, व्यवस्थापनाचा निराळा. भुईभाडे हे केवळ मालकाने मालक असण्याबद्दल द्यावयाचे आहे. ज्या महाराष्ट्राने खंड घेणारा सावकार पाहिला आहे, त्याला या उत्पन्नाची जात ओळखावयास वेळ लागू नये.

ही सरंजामशाहीची उरलीसुरली जळमटे आहेत, काळाच्या ओघात ती आपोआप झडतील, असे समजणाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील व्यवहार पाहावा. वायव्य इंग्लंडमध्ये मोठमोठ्या बांधकाम कंपन्यांनी सदनिकाच नव्हे, तर स्वतंत्र, अंगणासह असलेली घरेदेखील भाडेपट्ट्यावर विकली. सामाईक जिना नाही, सामाईक छप्पर नाही. मग पट्टा कशासाठी? भुईभाड्यासाठी! त्यातही काही करारांत ते दर दहा वर्षांनी दुप्पट होण्याची तरतूद होती. आरंभी अडीचशे पौंड असलेले भाडे पन्नास वर्षांनी आठ हजार पौंड होते. हे गणित शाळकरी पोरही करील. अशा घरावर कर्ज द्यावयास वित्तसंस्था कचरू लागल्या, तेव्हा ही घरे विकताही येईनात आणि सोडताही येईनात. दरम्यान कंपन्यांनी जमिनीचे मालकीहक्क गुंतवणूकदारांना विकून टाकले होते. ज्या जमिनीवर आपले घर आहे ती कोणाला विकली गेली, हे कित्येक घरमालकांना—म्हणजे स्वतःला घरमालक समजणाऱ्यांना—व्यवहार उरकल्यावर कळले. एप्रिल २०१७ मध्ये टेलर विम्पी या कंपनीने या करारांच्या निस्तरणुकीसाठी तेरा कोटी पौंड बाजूला काढले. निर्दोष व्यापारी असला खर्च हौसेने करीत नाही.

हे गाऱ्हाणे पार्लमेंटात नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे एल्समिअर पोर्टचे मजूर पक्षीय खासदार जस्टिन मॅडर्स. व्यवसायाने ते कामगार कायद्याचे वकील. २०१५ मध्ये प्रथम निवडून आले. असे करार झालेली घरे त्यांच्या मतदारसंघाच्या परिसरातच उभी होती. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांनी ‘दहा मिनिटांच्या नियमा’खाली भाडेपट्टा सुधारणेचे विधेयक मांडले. या नियमाने मागच्या बाकावरील सभासदाला विधेयक मांडण्याची अनुज्ञा मागताना दहा मिनिटे बोलता येते, एवढेच. अशी विधेयके क्वचितच कायदा होतात आणि हेही झाले नाही. परंतु त्यात मागितले काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पट्टेदाराने जमीन विकत घेतो म्हटले तर मालकाने मागावयाच्या किमतीला कायद्याने कमाल मर्यादा असावी. न्यायाधिकरणातील वकिलांचा खर्च कोणी सोसावा याचे नियमन व्हावे. आणि दिशाभूल करणाऱ्या माहितीच्या जोरावर ज्यांच्या गळ्यात पट्टे मारले गेले त्यांना भरपाई मिळावी.

यातील पहिली मागणी क्रांतिकारक वाटली असेल तर लंडनच्या जमीनमालकांना. महाराष्ट्रात तिचे नवल नाही. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषकदिनी’ कुळांना जमिनीचे मालक मानले गेले, तेव्हा सर्वसाधारण कुळाने द्यावयाची किंमत कायद्यानेच आकाराच्या वीस ते दोनशे पटींमध्ये बांधून दिली होती. किंमत ठरविणे मालकाच्या मर्जीवर सोडले तर हक्क कागदावर राहतो, एवढे साधे शहाणपण त्यामागे होते. मॅडर्स यांनी दहा मिनिटांत मांडले ते हेच.

बारगळलेल्या विधेयकाला निष्फळ म्हणणे ही सत्ताधाऱ्यांची सोयीस्कर मोजपट्टी आहे. नाथ पै यांनी १९६७ मध्ये मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करणारे बिनसरकारी विधेयक लोकसभेत आणले. ते संमत झाले नाही. परंतु त्याचा गाभा १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला, आणि तो पाहावयास नाथ पै हयात नव्हते. मॅडर्स यांच्या बाबतीतही सरकारला स्वस्थ बसता आले नाही. त्यांच्याच पक्षाचे जिम फिट्झपॅट्रिक आणि हुजूर पक्षाचे सर पीटर बॉटमली यांनी चालविलेला सर्वपक्षीय गट, त्याच वर्षी तीन स्त्रियांनी उभी केलेली पट्टेदारांची चळवळ आणि सभागृहातील या मंडळींचा पिच्छा, यांमुळे डिसेंबर २०१७ मध्ये हुजूर सरकारने नवी घरे पट्ट्यावर विकण्यास बंदी घालण्याचे जाहीर केले. ‘जाहीर केले’ हे शब्द जपून वाचावेत. ती बंदी कायद्याच्या पुस्तकात यावयास २०२४ साल उजाडले.

आणि जे कायदे झाले ते कोणासाठी? २०२२ च्या कायद्याने नव्या दीर्घ पट्ट्यांवरील भुईभाडे ‘मिरीच्या एका दाण्या’वर आणले, म्हणजे शून्य केले, इंग्रजी कायद्याला शून्य म्हणण्याची लाज वाटत असावी. ३० जून २०२२ नंतर पट्टा घेणारा सुटला. त्याच्या आदल्या दिवशी सही केलेला अडकून राहिला. जी आकारणी उद्याच्या खरेदीदारापुरती अन्याय्य ठरली ती कालच्या खरेदीदाराच्या बाबतीत न्याय्य कशी राहते, याचे उत्तर कोणत्याही मंत्र्याने दिलेले नाही, कारण ते देता येण्यासारखे नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे पन्नास लाख घरे पट्ट्यावर आहेत. सुधारणेचा आव आणून जुन्या पट्टेदारांना मालकांच्या उत्पन्नाचे तारण म्हणून मागे ठेवावयाचे, हा यातला कावा आहे.

२०२३ च्या अखेरीस मायकेल गव्ह या हुजूर मंत्र्याने जुनी भुईभाडीही मिरीच्या दाण्यावर आणण्याचा पर्याय चर्चेस काढला. लगेच निवृत्तिवेतन निधींच्या नावाने गळे काढण्यात आले: बिचाऱ्या वृद्धांची पुंजी बुडेल! ज्या वृद्धांनी आयुष्याची पुंजी घालून पट्ट्यावरचे घर घेतले त्यांची आठवण या कनवाळूंना झाली नाही. मे २०२४ मध्ये निवडणुकीच्या घाईत विधेयक संमत झाले, ते भुईभाड्याच्या मर्यादेवाचून. त्यातील मोबदला ठरविण्याविषयीची मुख्य कलमेदेखील दीड वर्ष उलटले तरी अंमलात आली नव्हती.

कराराचे पावित्र्य हा या पक्षाचा दुसरा आधारस्तंभ. स्वेच्छेने सही केली, आता भोगा! पण ही स्वेच्छा कसली होती? घर विकणारी कंपनी, आणि अनेकदा तिनेच सुचविलेला वकील, यांच्या मध्ये पहिल्यांदा घर घेणारे जोडपे बसविले की जो करार होतो त्याला पवित्र म्हणणे हा शब्दाचा विटाळ आहे. शिवाय कराराची दुसरी बाजू पाहा. साडेतीनशे पौंडांहून अधिक थकबाकी झाली की मालकाला पट्टा रद्द करून घर ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढता येते, ही तरतूद २००२ च्या कायद्यातली. त्याहून विचित्र प्रकार १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याचा: भुईभाडे वर्षाला अडीचशे पौंडांच्या, लंडनमध्ये हजाराच्या, वर गेले की लाखो पौंड मोजलेला पट्टेदार कायद्याच्या नजरेत साधा भाडेकरू ठरे आणि भाडे थकल्यास न्यायालयाला त्याला बाहेर काढावेच लागे. ही खोच २०२५ मध्ये निघाली. सदतीस वर्षे लागली.

मालमत्तेच्या हक्काचा बागुलबुवाही जुनाच आहे. दक्षिण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकात दिलेले नव्व्याण्णव वर्षांचे पट्टे संपत आले, आणि खाणकामगारांच्या पूर्वजांनी बांधलेली घरे फुकटात जमीनदारांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा विल्सन सरकारने १९६७ मध्ये कायदा केला. त्याचे तत्त्व स्वच्छ होते: जमीन मालकाची असेल, पण विटा आणि चुना पट्टेदाराचा. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकचे विश्वस्त थेट स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागात सुमारे दोन हजार घरांची जमीन ज्यांच्याकडे होती, त्यांच्या मानवी हक्कांची ही कैफियत! फेब्रुवारी १९८६ मध्ये ती फेटाळली गेली. १९९३ मध्ये सदनिकाधारकांना हा हक्क देण्याचा कायदा आला, तर ड्यूकसाहेबांनी रागावून हुजूर पक्षाची साथ सोडली. २०२४ च्या कायद्याविरुद्धही बड्या इस्टेटी उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हरल्या. तेव्हा अडसर न्यायालयांचा नाही. शेजारच्या स्कॉटलंडने तर १९७४ च्या कायद्याने जमिनीवरचा वार्षिक सरंजामी कर एकरकमी फेडून मोकळे होण्याची वाट करून दिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ती पद्धतच मोडीत काढली. एडिंबरोतील इमारती त्यानंतर कोसळल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून प्रश्न मजूर पक्षाला विचारावयाचा आहे. जुलै २०२४ मध्ये चारशेच्या वर जागा घेऊन तो सत्तेवर आला. जाहीरनाम्यात भाडेपट्टा पद्धत संपविण्याचे वचन होते. जानेवारी २०२६ मध्ये विधेयकाचा मसुदा निघाला. त्यात चांगले पुष्कळ आहे: नव्या सदनिका पट्ट्यावर विकण्यास बंदी, पट्टा जप्त करण्याच्या पद्धतीचा शेवट, इमारतीची मालकी रहिवाशांच्या सामाईक हाती देणारी व्यवस्था, मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत वाढलेल्या माणसाला ही शेवटची गोष्ट मुळीच परकी वाटणार नाही. पण जुन्या भुईभाड्याचे काय? ते वर्षाला अडीचशे पौंडांवर थांबावयाचे आणि चाळीस वर्षांनी मिरीच्या दाण्यावर यावयाचे.

चाळीस वर्षे! आज अडीचशे पौंड भरणारा पट्टेदार तोवर आणखी दहा हजार पौंड भरून मोकळा होईल, तेही कशाच्याही मोबदल्याशिवाय. ज्याचे भाडे अडीचशेच्या आत स्थिर आहे त्याला या मर्यादेचा छदामही लाभ नाही. आज पंचेचाळिशीत असलेली बाई पंच्याऐंशीव्या वर्षी आपल्या जमिनीच्या खंडातून सुटेल. दुपटीच्या कचाट्यात सापडलेल्यांना दिलासा मिळेल, हे खरे, आणि तो थोडा नाही. पण भुईभाड्याला तत्त्वतः आधार नाही हे मान्य करावयाचे आणि ते आणखी दोन पिढ्यांकडून वसूल होऊ द्यावयाचे, ही तडजोड पट्टेदारांशी झालेली नाही. ती झाली आहे ती निधींशी आणि इस्टेटींशी, आणि तीसुद्धा न्यायालयात त्या हरल्यानंतर.

मॅडर्स जुलै २०२४ मध्ये मंत्री झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पदावरून दूर झाले. म्हणजे दहा मिनिटांची भीक मागावी लागते त्या मागच्या बाकांवर ते पुन्हा आले आहेत. फरक एवढाच की समोर आता हुजूर पक्ष नाही, स्वतःचे सरकार आहे. मसुद्यातील चाळीस हा आकडा खोडण्यासाठी दुरुस्ती द्यावी लागेल, तिच्यावर मतविभागणी मागावी लागेल आणि कोणता मजूर खासदार कोणत्या दालनात गेला याची नोंद राहील.