लिनक्स कोणते घ्यावे? – मिरवण्यासाठी नव्हे, कामासाठी!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा संपला. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसल्यामुळे पुष्कळ जुने संगणक अडून बसले आहेत. मग आपल्या मुलुंडमधल्या एखाद्या घरातला धडधाकट संगणक भंगारवाल्याला द्यायचा का? मुळीच नाही. त्यावर लिनक्स बसवून पाहावे. पण लिनक्सचे संच शेकडो! त्यांतला कोणता घ्यावा?

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते पाहू. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जो लिहिला, तो होता फक्त प्रणालीचा गाभा. यंत्राची स्मृती, प्रक्रियक व इतर भाग यांचा कारभार हा गाभा पाहतो. त्याभोवती पडद्यावरच्या खिडक्या, लेखनाची साधने, नवी साधने बसविण्याची सोय यांची रचना केली की 'डिस्ट्रो' तयार होतो. डाळ तीच, फोडणी निराळी!

प्रयोगशाळेत तारेची जाडी मोजायला आपण स्क्रूगेज घेतो. ते अधिक अचूक म्हणून त्याने कोणी टेबल मोजायला बसत नाही. डिस्ट्रोचेही तसेच आहे. साधन कामाला आणि हाताच्या सरावाला साजेसे हवे.

अगदी नवख्याने उबुंटू (२००४) किंवा लिनक्स मिंट (२००६) घ्यावा. जुन्या यंत्रासाठी मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी; तिला किमान २ जीबी स्मृती लागते, ४ जीबी असल्यास उत्तम. थोडा सराव झाल्यावर स्थिरपणासाठी प्रसिद्ध असलेला डेबियन (१९९३) किंवा नवी साधने लवकर देणारा फेडोरा (२००३) हाताळावा. गंमत अशी की, उबुंटू डेबियनवर उभा आहे आणि मिंट उबुंटूवर. आपल्या सी-डॅकचा 'बॉस' हाही डेबियनचाच वंशज. आर्च (२००२) मात्र अनुभवी माणसाचे काम. त्याची मांडणी सहसा स्वतः आज्ञा टंकून करतात.

"कठीण डिस्ट्रो घेतल्यावाचून लिनक्स कळत नाही," असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. आर्चमधल्या टर्मिनलवर 'एलएस' ही आज्ञा जे काम करते, तेच मिंटमध्येही करते. शिकायचे असेल त्याला सोपा संच अडवीत नाही. उलट, पहिल्याच दिवशी इंटरनेट जोडले गेले नाही, तर नवशिका लिनक्सलाच रामराम ठोकतो आणि संगणक अखेर भंगारात जातोच. नुकसान दुहेरी!

निवडीची खरी कसोटी प्रयोगाची. डिस्ट्रो पेनड्राइव्हवर घ्या आणि संगणक त्यावरून सुरू करा; मिंट व उबुंटू असे न बसविताही चालवून पाहता येतात. वाय-फाय जोडले जाते का? आवाज येतो का? मराठी टंकता येते का? 'फ्री' ही आज्ञा देऊन किती स्मृती खर्च झाली तेही वहीत टिपा. दोन-तीन डिस्ट्रोंची अशी नोंद केलीत, की उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल. कायम बसविण्यापूर्वी मात्र घरातली छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा. बसविताना ती पुसली जाऊ शकतात.

मार्गदर्शन हवे असेल, तर आपल्या शेजारच्या पवईतील आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतूनही विनामूल्य मिळतात. तेव्हा मित्राकडे कोणता डिस्ट्रो आहे हे विचारण्याआधी, आपल्याला काय करायचे आहे हे स्वतःला विचारा.