एसएसडी महागली, ऑफिसच्या डब्यात किती टाकायच्या?

एवढ्यात एसएसडीचं कोटेशन मागवलंय का? मागवलं असेल तर दुकानदाराचं एक वाक्य ऐकलंच असेल, 'हा रेट आजचा, उद्याचं सांगता येत नाही.' तो तुम्हाला घुमवत नाहीये. एआयसाठी जगभर डेटा सेंटर उभी राहतायत, त्यांना मेमरी चिप अफाट लागते आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉननं तर 'क्रुशियल' हा आपल्या ओळखीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. किरकोळ गिऱ्हाईक सोडलं, माल मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळवला. मोंढ्यात हे आपल्याला नवीन नाही.

पण याचा जालन्याशी काय संबंध? आहे ना! स्टीलच्या रोलिंग मिल, बियाणं कंपन्या, दवाखाने, सीएची ऑफिसं. अशा ठिकाणी एका कोपऱ्यात चार डिस्कचा डबा असतो. कुणी त्याला नॅस म्हणतं, कुणी स्टोरेज, बरेच जण नुसतंच 'सर्व्हर'. टॅलीचा डेटा, वजनकाट्याच्या पावत्या, कागदांचे स्कॅन, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सगळं त्यातच. खरिपाची बिलं सुरू झाली, पंधरा जण एकदम बसले की डबा मान टाकतो. मग शेठ तुम्हाला बोलावतात, कारण 'कॉम्प्युटरचं तुला कळतं'. आणि म्हणतात, 'सगळ्या एसएसडी टाकून दे, किती होतील सांग.'

इथं घाई करू नका. आजच्या भावात हा निर्णय चुकला तर पैसे शेठचे जातील, पण नाव तुमचं खराब होईल.

आधी डबा हळू का होतो ते बघा. हार्डडिस्क मिनिटाला 7200 वेळा फिरते. एखादी नोंद शोधायला तिचा हात सरकतो, मग चकती फिरून ती जागा समोर येईपर्यंत थांबावं लागतं. एका वेळेला साधारण 12-13 मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम 80 कामं. चार डिस्क असल्या तर 320. त्यात रेड 5 लावलं असेल तर एक छोटी नोंद लिहायला चार कामं करावी लागतात, म्हणजे पुन्हा आलो 80 वर. पंधरा जण टॅलीत नोंदी करतायत आणि अख्खा डबा सेकंदाला 80 नोंदी लिहितोय! एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे ती अशी हजारो कामं सहज उरकते. इथं ती पैसा वसूल आहे.

आता दुसरी बाजू. ऑफिसात वायरिंग एक गिगाबिटचं असेल तर त्यातून सेकंदाला फार तर 110-115 एमबी जातात. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर एवढं एकटी हार्डडिस्कसुद्धा देते. एसएसडी साडेपाचशे देईल, पण जाणार कुठून? स्कॅन आणि व्हिडिओसाठी एसएसडी घेणं म्हणजे बोळात ट्रक घालण्यासारखं आहे.

कॅमेऱ्याचं तर आणखी वाईट. 4 एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला 43 जीबी लिहितो. सोळा कॅमेरे धरा, जवळपास 690 जीबी. 1 टीबीच्या साध्या एसएसडीवर साधारण 600 टीबी लिहिण्याची हमी असते. भागाकार करा, अडीच वर्षंही होत नाहीत.

म्हणून माझं मत सरळ आहे. दोनच एसएसडी घ्या, पण बऱ्या घ्या. त्या मिररमध्ये लावा, टॅली आणि डेटाबेस त्यावर हलवा, बाकी सगळं हार्डडिस्कवर राहू द्या. डबा बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत ते मॉडेल आहे का, आधी बघा. आणि पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का, ते विचाराच. लाईट जाणं आपल्याकडे नेहमीचंच. लिहायला घेतलेला डेटा क्षणभर एसएसडीच्या तात्पुरत्या मेमरीत असतो. हे प्रोटेक्शन असलेल्या एसएसडीत कपॅसिटर असतात, तेवढ्या वीजेवर तो डेटा लिहून होतो. लॅपटॉपच्या स्वस्त एसएसडीत सहसा ते नसतं. यूपीएस लागतोच, पण त्याची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही.

कुणी म्हणेल, मिरर आहे, एक गेली तरी दुसरी आहे. 2019 चं प्रकरण ऐका. एचपीई कंपनीनं नोव्हेंबरमध्ये कळवलं, आमच्या काही एसएसडी बरोबर 32,768 तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास. फर्मवेअरमधली चूक होती. बंद पडली की डेटा परत मिळणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आता विचार करा, डब्यातल्या सगळ्या एसएसडी एकाच दिवशी लावलेल्या. मग त्या जाणारही एकदमच! अपडेट वेळेत टाकणारे वाचले. मिरर किंवा रेड असल्या वेळी काही कामाचं नाही.

तेव्हा दोन एसएसडी घेऊन जे पैसे वाचतील, त्यातून एक मोठी बाहेरची हार्डडिस्क घ्या. रोज रात्री बॅकअप, महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघणं. आणि ती डिस्क त्याच कपाटात, डब्याच्या शेजारी ठेवू नका. बॅकअप झाला की काढून दुसऱ्या इमारतीत, नाहीतर शेठच्या घरी.