वेळासची कासवे आणि आंबडवे

उन्हाळा लागला की आमची शिकलेली, नोकरीला लागलेली पोरे मित्रमंडळींसह कोकण गाठतात. दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैला होडीतून डॉल्फिन शोधतात, वेळासला कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. जरूर पाहावीत! सार्वजनिक जागी मोकळेपणाने वावरण्याचा हक्क आमच्या बापजाद्यांनी मार खाऊन मिळवला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, बंदी होती ती आमच्या माणसांना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले आणि त्याच दिवशी सत्याग्रहींची डोकी फोडली गेली. ते महाड मुंबई-गोवा महामार्गावरच आहे. २० मार्चही नेमका कासवांच्या हंगामात येतो.

आणि वेळास ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, हे यातल्या किती जणांना ठाऊक? डॉल्फिन दिसला नाही म्हणून दोन दिवस हळहळणाऱ्यांना आंबडवे राहून गेल्याची चुटपुटही लागत नाही. आम्हाला याची चीड येते. गाडी असते, खिशात पैसे असतात (ते कुणामुळे आले, हे का सांगायला हवे?). वेळ नव्हता म्हणतात. वेळासला पिल्ले सोडतात सकाळी आणि संध्याकाळी. मधला अख्खा दिवस रिकामाच असतो!