वर्गणीचं कलम आहे, वागण्याचं कुठे आहे?

गेल्या रविवारी उपनगरातल्या एका मैदानावर किशोर गटाचा कबड्डी सामना बघत होतो. शेवटचं मिनिट आणि गुण समसमान. चढाईपटू परत फिरताना कोपऱ्यातल्या मुलाच्या पोटरीला त्याची बोटं निसटती लागली. पंचांनी ते पाहिलं नव्हतं. मुलाने स्वतःहून हात वर केला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला. कबड्डीतली ही जुनी रीत आहे. स्पर्श झाला की नाही हे नेमकं दोघांनाच कळतं.

त्याचा संघ एका गुणाने हरला. सामना संपल्यावर त्याच्याच मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने त्याला सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली. पंच काही बोलले नव्हते, मग हात वर करायला तुला कुणी सांगितलं होतं, हा त्या पदाधिकाऱ्याचा सवाल. पोरगा चौदा वर्षांचा असेल. खाली मान घालून गुडघ्याची माती झाडत राहिला. आजूबाजूला आम्ही पंधरा-वीस मोठी माणसं होतो. कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि आठवडाभर मला तेच सलतं आहे.

नंतर त्या मंडळाची घटना मागवून वाचली. आपली बहुतेक क्रीडा मंडळं 1860चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदलेली असतात, त्यामुळे घटना असतेच. वार्षिक सभेची गणपूर्ती, निवडणूक, हिशेब तपासणी हे सगळं तीत सविस्तर आहे. वर्गणी थकली तर सदस्यत्व कधी जातं, तेही आहे. वागण्याबद्दल एकच ओळ सापडली: मंडळाच्या हिताला बाधा आणणाऱ्याला काढून टाकण्याचा अधिकार कार्यकारिणीला राहील. म्हणजे कार्यकारिणीला जाब विचारणारा बाहेर जाऊ शकतो आणि मुलाला शिवी देणारा व्यासपीठावर बसू शकतो. भिंतीवर नियमांची पाटीही आहे. सरावाला वेळेवर या, गणवेश घाला, ज्येष्ठांचा मान राखा. सगळे नियम पोरांसाठी.

यावर मंडळातली जुनी माणसं म्हणतात, हे घर आहे, घरात कुणी नियम लिहून ठेवतं का? त्यांची माया खोटी नाही. पाळी संपवून थेट मैदानावर येणारे, एक पैसा न घेता शिकवणारे, पोरांना पदरमोड करून गुडघापट्ट्या आणून देणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. लालबाग-परळच्या चाळींतल्या कितीतरी मुलांना या खेळाने रेल्वेत, पोलिसात, बँकेत नेऊन बसवलं. पण मुलाचं तोंड बंद होतं ते नेमकं इथेच. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी संघात निवड व्हावी लागते, आणि निवड करणाऱ्या माणसाबद्दलच तक्रार असेल तर ती सांगायची कुणाला?

नियम लिहूनच ठेवावे लागतात, हे खेळाच्या बाबतीत आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं. हुतुतू, म्हणजे कबड्डीचंच जुनं रूप, गावोगावी वेगवेगळ्या नियमांनी खेळला जायचा. 1923च्या सुमारास बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापील केले, तेव्हा कुणाच्या गावची रीत खरी हा वाद मिटायला सुरुवात झाली. आज मैदानात खेळाडूने मर्यादा सोडली तर पंच हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतात. पिवळं मिळालं की दोन मिनिटं बाहेर. मैदानाबाहेर ओरडणाऱ्या पदाधिकाऱ्याला मात्र त्याचं स्वतःचं मंडळ काहीच दाखवत नाही.

म्हणून माझा आग्रह एका कलमाचा आहे. तक्रार कोण ऐकणार, हे नावानिशी लिहा. ऐकणाऱ्यांत मंडळाबाहेरची एक व्यक्ती हवी, एक बाई हवी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो त्या बैठकीत बसणार नाही, मग तो अध्यक्ष असला तरी. आणि पंचांच्या अंगावर धावून जाणाऱ्याला तो हंगाम मैदान बंद.

काही गोष्टी तर मंडळाच्या मर्जीवर सोडलेल्याच नाहीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा क्रीडा संस्था, क्रीडा संकुलं आणि स्पर्धेची ठिकाणंही कामाची जागा मानतो. संस्था लहान असेल, किंवा तक्रार खुद्द तिच्या प्रमुखाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचं असं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘मंडळाची बदनामी नको, आपसात मिटवू’ असं म्हणणारा माणूस कुणाला वाचवतो आहे, ते त्याने स्वतःला विचारावं.

15 जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डी दिन साजरा करतो. हार-तुरे, सत्कार होतात. पुढच्या खेपेला सत्काराआधी प्रत्येक पदाधिकाऱ्याने हे कलम मुलांसमोर वाचून त्याखाली सही करावी.

बुधवारी संध्याकाळी त्या मंडळाच्या सरावाला गेलो होतो. तो मुलगा आला होता, त्याच कोपऱ्यात उभा होता. सरावाच्या सामन्यात चढाईपटूचा हात त्याच्या दंडाला लागून गेला. मुलाने आधी मैदानाबाहेर बसलेल्या त्या पदाधिकाऱ्याकडे बघितलं. हात वर केला तो नंतर.